फोम लावला, पडदे लावले, तरी आवाज बाहेर जातोच : होम स्टुडिओतली फिरून फिरून येणारी तक्रार

तक्रार साधारण एकच असते, शब्द फक्त बदलतात. भिंतीभर पिरॅमिडवाला फोम चिकटवून झाला, जाड पडदा झाला, दारामागे गादी उभी करून झाली आणि तरी खालचे नाहीतर शेजारचे येऊन सांगतात की रात्री धडधड ऐकू येते. मग अजून फोम येतो. आता खोलीत बसलं की कसं गप्प गप्प वाटतं, त्यामुळे आपल्याला वाटतं जमलं बुवा, आणि पुढच्याच रेकॉर्डिंगला परत दारावर टकटक. हे थांबत नाही कारण फोम जे काम करतो ते आवाज अडवायचं कामच नाहीये.

खोलीतला आवाज खोलीत नीट ऐकू येणं हे एक काम, त्याला ट्रीटमेंट म्हणतात. खोलीतला आवाज बाहेर न जाणं आणि बाहेरचा आत न येणं हे दुसरं काम, ते आयसोलेशन, ज्याला आपण सगळे ढोबळमानाने साउंडप्रूफिंग म्हणतो. दोन्हीचं सामान वेगळं आणि गणितही वेगळं. शोषायला हलकं, सच्छिद्र, हवा आतून जाऊ देणारं काहीतरी लागतं, आणि अडवायला वजनदार आणि हवाबंद, म्हणजे जवळपास उलटच. १८९५ मध्ये हार्वर्डमधल्या फॉग म्युझियमच्या लेक्चर हॉलमध्ये बोललेलं काही कळेना, आवाज साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तेव्हा वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणून हॉलमध्ये मांडल्या आणि ऑर्गनची नळी वाजवून स्टॉपवॉचने घुमणं मोजलं. जितक्या गाद्या जास्त तितकं घुमणं कमी. आजही त्याचंच सूत्र वापरतात. पण त्या गाद्यांनी हॉलच्या आतलं घुमणं कमी केलं, बाहेर जाणारा आवाज अडवणं हा त्यांचा विषयच नव्हता, आणि दारामागच्या आपल्या गादीचंही तेच आहे.

आकडे बघा म्हणजे पटेल. ५ सेंटिमीटर जाड फोमचं एका चौरस मीटरचं वजन सव्वा-दीड किलो भरतं. अर्ध्या विटेची, दोन्हीकडून प्लास्टर केलेली भिंत एका चौरस मीटरला अडीचशे किलोच्या घरात जाते. भिंतीचं वजन दुप्पट केलं की साधारण ५ ते ६ डेसिबल जास्त अडतात, हा ढोबळ नियम. म्हणजे अडीचशे किलोच्या भिंतीवर दीड किलो चिकटवून काय मिळणार ते सांगायला नको. शिवाय इतका पातळ फोम शोषतो तेही वरवरचंच, साधारण ५००-१००० हर्ट्झच्या वरचं (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा मोठा तितका सूर उंच). झांजा, गळ्यातला 'स' हे सगळं मऊ होतं, आणि किक (ड्रम सेटमधला पायाने वाजवायचा मोठा ड्रम), बेस गिटार, डग्ग्याची घुमक फोमला न विचारता पलीकडे जाते. शेजाऱ्यांची तक्रार नेहमी धडधडीचीच का असते, कोणी "तुमच्या झांजा फार ऐकू येतात" असं का सांगत नाही, ते यावरूनच कळतं. अंड्यांचे ट्रे तर फोमच्याही खालचे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

फोमबद्दल अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. साधा पॅकिंगचा पॉलियुरेथेन फोम भिंतीला लावू नका, कोणी फुकट दिला तरी. २००३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या 'द स्टेशन' नावाच्या नाइटक्लबमध्ये स्टेजवरच्या फटाक्यांनी असाच फोम पेटला आणि १०० माणसं गेली, आणि तो फोम आवाजाच्या तक्रारींमुळेच लावलेला होता. २०१३ मध्ये ब्राझीलमधल्या सांता मारियाच्या किस नाइटक्लबमध्ये पुन्हा तेच, २४२ माणसं. जळताना तो जो धूर सोडतो तो मिनिटा-दोन मिनिटांत माणूस पाडतो. लावायचाच तर आगीच्या टेस्टचं सर्टिफिकेट असलेला लावा, त्यापेक्षा रॉकवूल किंवा ग्लासवूल (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंची लोकरीसारखी गादी) कापडात गुंडाळून लावलं तर शोषणंही बरं होतं आणि पेटण्याची भीतीही कमी, फक्त कापडही चटकन न पेटणारं बघा.

आधी शोधा आवाज जातोय कुठून

सामान आणायच्या आधी आवाजाची वाट शोधायची. वाटा तीनच : फटींतून हवेबरोबर, भिंत-दार-काच यांच्या आरपार, आणि बांधकामातून म्हणजे फरशी, कॉलम, बीम यांच्यातून थरथर होऊन. प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे आणि एकीचा उपाय दुसरीवर चालत नाही.

फटींची टेस्ट सोपी. रात्री खोलीत जोरदार दिवा लावा, बाहेर अंधार करा, दार बंद करा आणि बाहेरून बघा. जिथून उजेड येतोय तिथून आवाज येणारच. मग आत पिंक नॉइज लावा (कुठल्याही डीएडब्ल्यूमध्ये म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा फोनवर मिळतो, तो पावसासारखा एकसारखा सूं आवाज) आणि बाहेरून चौकटीच्या कडेकडेने कान फिरवत जा. दाराखाली, बिजागरीच्या बाजूला, कुलपाच्या भोकाशी, एसीच्या पाइपचं भोक, एक्झॉस्ट फॅन, स्विचबोर्डचे डबे, खिडकीचे स्लायडिंग ट्रॅक. स्लायडिंग खिडकी तर मुळातच सरकण्यासाठी फट ठेवून बनवलेली असते, तिच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नका.

आता फट किती महाग पडते ते बघा. दाराच्या किंवा भिंतीच्या एकूण क्षेत्रफळाच्या १ टक्का भाग जरी उघडा असेल तर बाकीचं कितीही भारी असो, २० डेसिबलच्या वर अडत नाही. ०.१ टक्का उघडा असेल तर ३० ला अडकतं. ९० सेंटिमीटर रुंद, २ मीटर उंच दाराखाली १ सेंटिमीटरची फट म्हणजे अर्धा टक्का झाला, म्हणजे ते दार सागवानाचं असो की लोखंडाचं, २३ डेसिबलला गप्प. लोक दारावर तीन थर प्लाय मारतात आणि खाली उंबरा नसतो, मग म्हणतात काही फरकच पडला नाही, पडणार कसा.

दार आणि भिंत मिळून किती अडवतात हेही एकदा करून बघण्यासारखं आहे. समजा १० चौरस मीटरची भिंत आहे, त्यातला २ चौरस मीटर भाग दाराचा. भिंत ५० डेसिबल अडवते, आतून पोकळ असलेलं साधं फ्लश डोअर २०. दोन्ही मिळून होतात २७. आता भरपूर खर्च करून भिंत ६० ची केली तर मिळून किती? तरीही २७च. आणि भिंतीला हात न लावता फक्त दार ३० चं केलं तर मिळून ३७ होतात, म्हणजे १० डेसिबलचा सरळ फायदा, कानाला आवाज जवळपास निम्मा वाटावा इतका. त्यामुळे वीट-काँक्रीटची खोली असेल तर माझं मत सरळ आहे, आधी दार, मग खिडकी, मग एसीची आणि वायरींची भोकं, आणि भिंतीचा विषय या सगळ्यानंतर टेस्ट करून मगच.

दारासाठी भरीव, जड पल्ला घ्या, किंवा आहे त्याच्यावर जाड प्लाय किंवा एमडीएफ चढवा पण मग बिजागऱ्या वाढवा, नाहीतर पल्ला खाली लोंबतो आणि सगळं सील फुकट जातं. चौकटीला चारही बाजूंनी रबरी पट्टी, खाली उंबरा करून त्यावर दाबून बसणारी पट्टी, किंवा दार लागलं की आपोआप खाली उतरणारं ड्रॉप सील. पट्टी बरोबर बसली का बघायचं तर कागदाची पट्टी मधे ठेवून दार लावा आणि कागद ओढा, सरसर निघून आला तर तिथे दाब नाहीये. हे पूर्ण कडेने करायचं, फक्त कुलपाच्या बाजूला करून खूश व्हायचं नाही. चौकट आणि भिंत यांच्यामधली पोकळीसुद्धा बघा, वरून पट्टी मारून झाकलेली असते आणि आत नुसती हवा असते. तिथे पीयू स्प्रे फोम फवारून मोकळं होऊ नका, तो हलका असतो, आत सिमेंट किंवा रॉकवूल दाबून वरून कायम लवचीक राहणारा अकूस्टिक सीलंट भरा. जागा असेल तर एका मागे एक दोन दारं, मधे हातभर जागा ठेवून, हा सगळ्यात भारी उपाय, एकाच दाराला कितीही सजवलं तरी त्याच्या तोडीचं होत नाही.

खिडकीत आतून दुसरी काच बसवायची तर दोन काचांत होईल तितकी जागा सोडा, १० सेंटिमीटर तरी, आणि दोन्ही काचा वेगळ्या जाडीच्या घ्या कारण प्रत्येक जाडीची काच कुठल्यातरी एका पट्टीत जास्त सोडते, ६ मिलिमीटरची साधारण २००० हर्ट्झच्या आसपास, दोघींची एकच जागा झाली तर तिथे भोक पडल्यासारखं होतं. उघडायची गरजच नसेल तर सरळ वीट रचून बुजवा, पण बाहेर पडायचा दुसरा रस्ता तोच असेल तर मुळीच नको.

मीटर सांगतो शांत, शेजारी सांगतात धडधड

यात खूप जण फसतात. फोनवर डेसिबलचं अॅप टाकतात, बाहेर जाऊन मोजतात, ३२ दाखवतं, शेजाऱ्यांशी भांडायला तयार. ती अॅप्स बहुतेक वेळा 'ए' वेटिंगवर असतात, म्हणजे खालचे सूर मुद्दाम कमी धरून मोजतात. किती कमी? १०० हर्ट्झला १९ डेसिबल आणि ५० हर्ट्झला तब्बल ३०. किकचा सगळा दम तिथेच आहे, तोच मीटरने वजा केला. त्यात बऱ्याच फोनचा माइक खालचा आवाज मुळातच कापतो. मोजायचंच तर 'सी' वेटिंग असलेला मीटर घ्या (तो खालचे सूर फारसे कमी धरत नाही), नाहीतर सगळ्यात खात्रीचं म्हणजे कोणालातरी आत वाजवायला बसवा आणि स्वतः शेजाऱ्यांच्या खोलीत जाऊन ऐका, रात्री, कारण दिवसा रस्त्याच्या आवाजात सगळं लपतं.

तसंच सामानावर छापलेल्या रेटिंगचं. एसटीसी हा आकडा (भिंत किंवा दार एकूण किती आवाज अडवतं ते सांगणारा) १२५ ते ४००० हर्ट्झमध्ये मोजलेला असतो, तसाच दुसरा आकडा आरडब्ल्यू १०० ते ३१५० मध्ये. बोलण्याचा आवाज अडवायला तो बरोबर आहे, ऑफिसची केबिन करायला उत्तम. पण ५० हर्ट्झला ती भिंत काय करते याबद्दल तो आकडा एक अक्षर सांगत नाही. म्हणून "एसटीसी ५५ ची भिंत केली तरी बेस जातो" हे अगदी होऊ शकतं, कोणी फसवलेलंच असेल असं नाही. विकत घेताना प्रत्येक फ्रिक्वेन्सीला किती अडतं तो तक्ता मागा.

हेडफोन लावून वाजवलं तरी खाली ऐकू येतं

हे कोडं विशेष आवडीचं आहे. इलेक्ट्रॉनिक ड्रम किट, स्पीकर बंद, कानात हेडफोन, खोलीत फक्त पॅडवर काठीची टकटक, आणि खालच्या मजल्यावरचे हैराण. आवाज हवेतून गेलेलाच नाही, किकचं पेडल मारलं की ठोका थेट स्लॅबमध्ये उतरतो आणि खालच्यांचं छत स्पीकर होऊन वाजतं. इथे भिंतीला, दाराला काहीही केलंत तरी शून्य फायदा. सब-वूफर जमिनीवर ठेवलाय, गिटारचा अँप जमिनीवर आहे, पियानोचे पाय फरशीवर आहेत, सगळ्यांचं हेच. ओळखायची खूण : खाली ठोके स्पष्ट येतात पण गाण्याचे सूर येत नाहीत, किंवा दोन खोल्या सोडून तिसऱ्या खोलीत जास्त ऐकू येतं. सब-वूफरसाठी टेस्ट सोपी, तो उचलून जाड गादीवर ठेवा आणि तोच तुकडा परत वाजवा, खाली फरक पडला तर वाट सापडली, नाही पडला तर तो हवेतून जातोय.

उपाय म्हणजे तरंगता प्लॅटफॉर्म. खाली स्प्रिंगसारखं दबणारं काहीतरी, वर जड पाटा. पण लोक इथे काय करतात, मिळेल तो कडक रबर मॅट आणतात, वर हलका प्लाय टाकतात, आणि ते रबर दबतच नाही. न दबलेलं रबर आयसोलेट करत नाही, ते नुसतं जमिनीचाच भाग होतं. पूर्ण दबून सपाट झालेलंही तसंच. ढोबळ हिशोब असा की वजन ठेवल्यावर पॅड १ मिलिमीटर दबला तर त्या जोडीची स्वतःची फ्रिक्वेन्सी साधारण १६ हर्ट्झ येते, ३ मिलिमीटर दबला तर ९. त्याच्या दीडपट फ्रिक्वेन्सीच्या पुढेच खरा फायदा सुरू होतो, आणि तिच्या आसपास तर उलटं वाढतं. रबर प्रत्यक्षात या हिशोबापेक्षा कडक वागतं, म्हणून जरा हात राखूनच धरा. तर पॅड निवडताना वरचं सगळं वजन, पाटा अधिक किट अधिक वाजवणारा, भागिले पॅडची संख्या, आणि त्या वजनाला कंपनीच्या तक्त्यात किती दबतं ते बघायचं. घरी करणारे दोन प्लायच्या मधे टेनिसचे बॉल बसवून करतात, ते चालतं, कारण बॉल खरंच दबतो. प्लॅटफॉर्म भिंतीला कुठेही टेकू देऊ नका, एक खिळा जरी भिंतीत गेला तरी ठोका तिथून जाईल.

भिंत करायचीच आहे तर

दार, खिडक्या, फटी, जमीन सगळं करून झालं, परत ऐकून झालं आणि आता आवाज खरंच भिंतीतूनच जातोय हे कळलं, तर मग आतून दुसरी भिंत. विटेवर वीट चढवून वजन दुप्पट केलं तर ५-६ डेसिबल, तेवढ्यासाठी इतकं वजन स्लॅबवर टाकणं परवडत नाही. त्यापेक्षा मूळ भिंतीपासून सुटी अशी फ्रेम उभी करायची, मधल्या पोकळीत रॉकवूल, वर जिप्सम बोर्डाचे दोन थर आणि जमलं तर दोन थरांमध्ये थरथर जिरवणारं डॅम्पिंग कंपाउंड. फ्रेम मूळ भिंतीला शिवता कामा नये.

दोन पापुद्रे आणि मधे हवा म्हणजे ढोलकीच झाली की ती, दोन पुड्या आणि मधली पोकळी, तिला स्वतःचा एक सूर असतो. त्या सुरावर भिंत अडवायच्या ऐवजी मदत करते, आणि त्याच्या बऱ्याच वर गेल्यावर मग झकास अडवते. साधे १२.५ मिलिमीटरचे बोर्ड, एकेक थर, मधे १० सेंटिमीटर हवा असेल तर हा सूर ९० हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे बरोबर बेसच्या पोटात. दोन्हीकडे दोन-दोन थर केले तर ६३ च्या जवळ येतो, आत रॉकवूल भरलं की अजून खाली सरकतो. त्यापलीकडे वजन वाढवा नाहीतर पोकळी वाढवा, तिसरा मार्ग नाही. आणि म्हणूनच पोकळी तीन-चार सेंटिमीटरची ठेवून "जागा वाचवली" म्हणणाऱ्यांकडे बेस आधीपेक्षा जास्त जातो. मधेच तिसरा पापुद्रा घालू नका, म्हणजे आधीच दोन पापुद्र्यांची पार्टिशन असेल तर तिच्यावर अजून एक पोकळी करून तिसरा बोर्ड मारला की त्याच जागेत दोन छोट्या पोकळ्या होतात, सूर वर चढतो आणि खालचा आवाज बिघडतो. त्याऐवजी आतला बोर्ड काढून टाका आणि मोठी एकच पोकळी करा.

ही कामं कारागिरांच्या हाती असतात आणि त्यांना सवय असते सगळं एकमेकांत घट्ट बसवायची, इथे नेमकं उलटं पाहिजे. लांब स्क्रू रेझिलियंट चॅनेलमधून (बोर्ड आणि फ्रेम यांच्यामधली लवचीक पट्टी) आरपार मागच्या स्टडमध्ये म्हणजे फ्रेमच्या उभ्या खांबात गेला की चॅनेलचा उपयोग संपला. बोर्ड फरशीवर टेकवायचा नाही, ५-६ मिलिमीटरची फट ठेवून ती सीलंटने भरायची. भिंतीच्या दोन्ही बाजूंना स्विचबोर्डचे डबे समोरासमोर कोरायचे नाहीत. काम चालू असताना समोर उभं राहा, बोर्ड लागल्यावर आतलं काही दिसत नाही. आणि खोलीत खोली करायचा विचार असेल तर वजनासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक विटही चढवू नका.

आणि हवा! खोली खरोखर हवाबंद झाली की अर्ध्या-पाऊण तासात डोकं जड व्हायला लागतं. बसलेला माणूस साधारण १०० वॅटच्या बल्बइतकी उष्णता टाकतो, वर कॉम्प्युटर आणि अँप. स्प्लिट एसी थंड करतो पण ताजी हवा आणत नाही, तो तीच हवा फिरवतो. मग लोक "जरा दार उघडं ठेवू" म्हणतात आणि केलेलं सगळं मातीमोल. आत आणि बाहेर जाणाऱ्या हवेसाठी दोन वेगळ्या पेट्या करा, जाड प्लायच्या, आतून ग्लासवूलने मढवलेल्या, आत हवेला दोन-तीन वळणं घ्यावी लागतील अशा. वाट रुंद ठेवा म्हणजे हवा सावकाश जाते, अरुंद ठेवली की सुस्कारा माइकमध्ये येतो. फॅन पेटीच्या बाहेरच्या टोकाला.

आवाज बाहेर जायचा थांबला, आता मिक्स बिघडलं

हे जवळपास प्रत्येकाला होतं आणि प्रत्येकाला वाटतं स्पीकर खराब झाले. आधी खालचा आवाज पातळ दारा-खिडक्यांतून निघून जायचा, आता तो कोंडला गेला, भिंतीभिंतींत आपटून उभा राहतो. ३.४ मीटर लांबीच्या खोलीत पहिला मोड (ज्यावर खोली स्वतःच घुमते तो सूर) ५० हर्ट्झला येतो, ४ मीटरला ४३, ३ मीटरला ५७ (आवाजाचा वेग ३४३ भागिले लांबीची दुप्पट, बस). त्या सुरावर खोलीच्या बरोबर मधे बसलात तर बेस गायब आणि भिंतीला टेकून बसलात तर दणदणाट. गायब जागी बसून मिक्स केलं की माणूस बेस वाढवत जातो आणि बाहेर गाडीत, हेडफोनवर सगळं चिखल होतं. दणदणाटात बसून केलं तर उलटं, बाहेर मिक्स पिचकं. लांबी, रुंदी आणि उंची सारखी असलेली चौकोनी डबा खोली सगळ्यात वाईट कारण तिन्ही मोड एकाच सुरावर येऊन बसतात, खोली निवडायची सोय असेल तर ती सोडा.

भिंतीवर फोम आहेच की, तो नाही का शोषत? १०० हर्ट्झची लाट ३.४३ मीटर लांब, तिचा पाव भाग ८६ सेंटिमीटर. ५ सेंटिमीटरच्या फोमला ती दिसतच नाही. उलट फोमने वरचे सूर पिऊन टाकले आणि खालचे तसेच राहिले, खोली मेल्यासारखी आणि तरी गुमगुम करणारी होते. निम्मा फोम काढा. कोपऱ्यांत जाड बेस ट्रॅप भरा, जमिनीपासून छतापर्यंत, रॉकवूलचे त्रिकोण कापून एकावर एक, समोरची बाजू ६० सेंटिमीटर तरी. कोपऱ्यातच का, तर सगळे मोड कोपऱ्यात येऊन जोर लावतात. छत आणि भिंतीचा कोपराही कोपराच असतो, तो सगळे विसरतात. मागची भिंत जवळ असेल तर तिथे १५-२० सेंटिमीटर जाडीचं पॅनेल, मागे थोडी हवा सोडून. बाजूच्या भिंतींवर आरसा सरकवत नेला तर आपण बसलेल्या जागेवरून त्यात स्पीकर जिथे दिसेल त्या जागी १० सेंटिमीटरचं पॅनेल, छतालाही तसंच, आणि बाकी भिंत उघडी राहू द्या.

बसायची जागा खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, समोरच्या भिंतीपासून, तिथून सुरुवात करा आणि मागेपुढे सरकून ऐका, तो काही पाळायचाच नियम नाही. स्पीकर समोरच्या भिंतीपासून १ मीटरवर ठेवू नका, परावर्तन उलटं येऊन ८६ हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो म्हणजे तेवढाच सूर बुडतो, छोट्या खोलीत त्यापेक्षा भिंतीच्या जवळ सरकवलेले बरे, खड्डा वर सरकतो आणि तिथे पॅनेलने आवरता येतो. ईक्यूने (वेगवेगळे सूर कमी-जास्त करायची सोय) खड्डा भरायच्या मागे लागू नका, जितकं वाढवाल तितकंच खोली उलटं कापते आणि अँप उगाच तापतो, टेकडी मात्र ईक्यूने थोडी छाटता येते. रूम ईक्यू विझार्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आणि एक ओम्नी म्हणजे सगळीकडून सारखं ऐकणारा मेजरमेंट माइक घेऊन मोजा, प्रत्येक बदलानंतर एकदा, आणि वॉटरफॉल ग्राफ बघा, नुसती वरची रेघ बघून उपयोग नाही, कुठला सूर किती वेळ रेंगाळतो ते त्यातच दिसतं.

आता सगळं जमल्यावरही काही महिन्यांनी परत तक्रार आली तर घाबरून भिंत फोडू नका. बहुतेक वेळा दाराचं रबर दबून चपटं झालेलं असतं, नाहीतर पल्ला बिजागरीवरून दोन-तीन मिलिमीटर खाली आलेला असतो, किंवा दमट हवेत लाकूड फुगून चौकट जरा तिरकी झालेली असते आणि एका कोपऱ्यात दाब सुटलेला असतो. पुन्हा दिवा, पुन्हा कागदाची पट्टी. एसीवाला येऊन गेल्यावर तर नक्की बघा, पाइपाच्या भोकातला सीलंट काढून तो परत भरायचं हमखास विसरतो.